माथाडीला मंडळ, चालकाला काय? : परिवहन व कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री व मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : लांब पल्ल्याची मालवाहतूक सोडून स्थानिक मालवाहतुकीत येणाऱ्या चालकांसाठी कामाच्या वेळेचे नियम व कल्याणकारी मंडळ करण्याबाबत.

मा. महोदय,

राज्यांच्या सीमा ओलांडून पाच-सात दिवसांच्या फेऱ्या करणाऱ्या ट्रकवरून उतरायचे आणि शहराच्या परिघातच माल पोहोचवणाऱ्या गाडीवर बसायचे, हा मार्ग मालवाहतुकीतील अनेक चालक वयाच्या एका टप्प्यावर धरतात. बाहेरून पाहणाऱ्यास ही सुटका वाटते. रात्री खोलीवर परतता येते, मुलांची शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत आली हे फोनवर विचारावे लागत नाही आणि घाटातल्या रात्री संपतात. परंतु कायदा, वेतन आणि सामाजिक सुरक्षा या तीन बाजूंनी हा बदल तपासला, तर असे दिसते की चालकासाठी अलीकडे ज्या सुधारणा झाल्या त्या प्रामुख्याने महामार्ग डोळ्यांपुढे ठेवून झाल्या आणि शहराच्या वेशीवर त्यांची हद्द संपते. ही पोकळी दाखवणे आणि ती भरून काढण्याचा उपाय महाराष्ट्राच्याच १९६९ च्या माथाडी कायद्यात सापडतो हे निदर्शनास आणणे, एवढाच प्रस्तुत पत्राचा हेतू आहे. पत्र दोन मंत्र्यांना उद्देशून आहे, कारण वाहन परिवहन विभागाचे आणि वाहन चालवणारा कामगार विभागाचा, अशा वाटणीत हा चालक आजवर दोहोंच्या मध्येच राहिला आहे.

लांब पल्ला का सोडला जातो हे समजण्यासाठी आधी कायदा आणि रस्ता यांतील अंतर पाहावे लागते. चालकाच्या कामाचे तास सविस्तर ठरवले ते मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ याने. त्यानुसार दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तास ही सर्वसाधारण मर्यादा असून लांब पल्ल्याच्या मार्गांवर सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने ती दिवसाला दहा व आठवड्याला ५४ तासांपर्यंत नेता येत असे, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती देणे बंधनकारक होते आणि जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने देय होता. मुंबई–दिल्ली हे सुमारे १,४०० कि.मी.चे अंतर घेतले आणि भरलेल्या ट्रकचा सरासरी वेग ताशी ४५ कि.मी. धरला, तर ५४ तासांत २,४३० कि.मी. होतात, म्हणजे जाऊन-येऊन २,८०० कि.मी.ची एक फेरी एकट्या चालकाने कायद्याच्या चौकटीत आठवडाभरात पुरी करणे, गाडी भरण्याचा व खाली करण्याचा वेळ अजिबात न धरताही, अशक्य ठरते. याउलट ई-वे बिल, म्हणजे वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत मालासोबत असावा लागणारा वाहतुकीचा इलेक्ट्रॉनिक परवाना, २०२१ पासून दर २०० कि.मी.ला एक दिवस या हिशोबाने वैध असतो, त्यामुळे याच १,४०० कि.मी.साठी मालाच्या कागदाला सात दिवस मिळतात. कागदाला मिळणारी ही सवड माणसाला मिळत नाही. माल पाठवणाऱ्याला गाडी त्याच्या कितीतरी आधी पोहोचायला हवी असते आणि मधला फरक चालकाच्या झोपेतून वसूल होतो.

वेतनाची रचनाही याच दिशेने ढकलणारी आहे. लांब पल्ल्याच्या गाडीवर पगार पुष्कळदा बेताचाच असतो आणि खरी कमाई फेरीवर अवलंबून असते. फेरी निघण्यापूर्वी मालक चालकाच्या हाती ‘खर्ची’ देतो, म्हणजे डिझेल, जेवणखाण, पंक्चर, किरकोळ दुरुस्ती आणि वाटेतल्या सांगता न येणाऱ्या देण्याघेण्यासाठी ठोक रक्कम देतो, आणि तीत जे वाचेल ते चालकाचे, असा अलिखित करार असतो. जेवणावर कमी खर्च करणारा, क्लीनरशिवाय एकट्याने गाडी काढणारा आणि कमी थांबणारा चालक या पद्धतीत अधिक कमावतो. तरुणपणी हा हिशोब जमतो. चाळिशीत पाठ, डोळे आणि रक्तातील साखर बोलू लागतात, आणि व्यावसायिक वाहनाचा परवाना दर पाच वर्षांनी नव्याने करताना डॉक्टरचा दाखला जोडावा लागत असल्याने शरीराची ही कुरकुर उपजीविकेचा प्रश्न बनते. अशा वेळी चालक ‘लोकल गाडी’ शोधू लागतो.

या वैयक्तिक निर्णयामागे अर्थव्यवस्थेतील मोठे बदल उभे आहेत. १ जुलै २०१७ पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात झालेल्या विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे, पण कंपनीने स्वतःचाच माल दुसऱ्या राज्यातील स्वतःच्या गोदामात हलवला तर तो लागत नसे. त्यामुळे कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवत आणि ट्रक एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील अशा गोदामापर्यंत धावत. वस्तू व सेवा कर आल्यावर या लहान गोदामांचे कारण संपले, सीमेवरील विक्रीकराचे तपासणी नाके व मुंबईची जकात इतिहासजमा झाली आणि मोक्याच्या ठिकाणी थोडी पण अवाढव्य गोदामे उभारणे किफायतीचे ठरले. भिवंडी तालुक्यातील काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली, पडघा या गावांच्या शिवारात पसरलेले गोदामांचे जाळे याच हिशोबाने वाढत गेले. अशा रचनेत मोठा ट्रक गोदाम ते गोदाम चालतो आणि तेथून पुढे दुकान, कारखाना किंवा घर गाठण्याचे काम लहान गाड्यांकडे येते, म्हणजे एका लांब फेरीच्या टोकाला अनेक आखूड फेऱ्या जोडल्या जातात.

यापुढचे बदलही स्थानिक फेऱ्याच वाढवणारे आहेत. न्हावा-शेवा बंदरापासून उत्तर प्रदेशातील दादरीपर्यंत आखलेला सुमारे १,५०० कि.मी.चा पश्चिम समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्ग मुळात लांब पल्ल्याचा कंटेनर रस्त्यावरून रुळांवर नेण्यासाठी आहे. तो हेतू जितका साधेल तितके ट्रकच्या वाट्याला बंदर ते डेपो आणि डेपो ते कारखाना हे आखूड टप्पे उरतील. ७०१ कि.मी.चा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्याचे मुंबईकडील टोक भिवंडीजवळच्या आमणे येथे येऊन थांबते, ही गोष्टही त्याच दिशेची आहे. तात्पर्य, लांब पल्ला सोडून शहरात येणारा चालक हा अपवाद राहणार नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी धोरण असणे ही निकडीची बाब ठरते.

स्थानिक मालवाहतूक हे एकच काम नाही, त्यात किमान दोन श्रेणी आहेत आणि त्यांत मोठी तफावत आहे. पहिल्या श्रेणीत अवजड वाहनाचा परवाना व अनुभव लागतोच अशी कामे येतात : उरण-द्रोणागिरी पट्ट्यात बंदर आणि कंटेनर डेपो यांच्यामधील ट्रेलर, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल व सळ्या वाहणाऱ्या गाड्या, तयार काँक्रीट नेणारे मिक्सर, मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या इंधन-आगारांतून निघणारे टँकर. येथे चालकाच्या जुन्या कौशल्याला किंमत राहते. दुसऱ्या श्रेणीत वितरणाची कामे येतात : २००५ मध्ये बाजारात आलेली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी टाटा एस, पिकअप, टाटा ४०७, चौदा फुटी आयशर. संख्येने मोठी मागणी याच श्रेणीत आहे, परंतु तेथे वीस वर्षे दहाचाकी हाकलेल्या चालकाची स्पर्धा काल मोटार शिकलेल्या तरुणाशी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. हा निर्णय विमा-दाव्यांत अडकलेल्या असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने न्याय्यच आहे. त्याचा एक आनुषंगिक परिणाम मात्र असा की हलक्या गाड्यांच्या बाजारात अवजड परवान्याला वेगळा भाव उरत नाही. राज्याने मार्गदर्शनाची काहीच व्यवस्था ठेवली नाही, तर पहिल्या श्रेणीस पात्र असलेला चालक केवळ माहिती व ओळख नसल्यामुळे दुसऱ्या श्रेणीत जातो आणि त्याची अर्ध्या आयुष्याची विद्या वाया जाते.

वितरणाच्या गाडीवरचा दिवस जवळून पाहिला, तर कामाचे स्वरूप किती बदलते ते कळते. गोदामाच्या फाटकावर पहाटे नंबर लावावा लागतो, टोकन मिळेपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, फलाटाला गाडी लागली की खोकी मोजून घेणे ही चालकाचीच जबाबदारी ठरते, आणि फलाट सोडल्यावर एखादे खोके कमी भरले तर त्याची किंमत त्याच्या हिशोबातून वळती होते. वर्दळीच्या वेळी शहरातील अनेक रस्त्यांवर मोठ्या मालवाहू वाहनांना प्रवेशबंदी असते, म्हणून फाटकावर गेलेला एक तास पुढे नाक्यावर दोन तास होऊन अंगावर येतो. मग दहा-पंधरा ठिकाणी माल उतरवायचा. कुठे दुकानदार मोजणीस वेळ नाही म्हणून थांबवतो, कुठे गृहसंकुलाचा रखवालदार गाडी आत घेऊ देत नाही आणि बाहेर उभी केली तर वाहतूक पोलिसाच्या कॅमेऱ्यातून ई-चलान येते. हमाल दिलेला नसेल तर माल चालकच उचलतो. प्रत्येक ठिकाणाहून ‘पोहोच’ आणावी लागते, म्हणजे माल मिळाल्याबद्दल बिल्टीच्या (वाहतूक पावतीच्या) प्रतीवर घेणाऱ्याची सही व शिक्का घ्यावा लागतो, आणि एखाद्या पोहोचेवर शिक्का राहिला तर भाडे अडकते. बारा तासांच्या अशा दिवसात चाके फिरण्याचा वेळ अर्ध्याहूनही कमी असू शकतो. मोबदला मात्र फेरीवर किंवा ठिकाणांच्या संख्येवर ठरलेला असेल, तर उरलेल्या वेळेची किंमत कोणीच देत नाही.

थांबण्याचा हा वेळ काम आहे की नाही, या प्रश्नाचे नेमके उत्तर कायद्यानेही कधी दिलेले नाही. १९६१ च्या कायद्यातील ‘कामाचे तास’ या व्याख्येत चालक मालकाच्या दिमतीस असलेला वेळ धरला होता आणि गाडी चालण्याचा वेळ, आनुषंगिक कामाचा वेळ आणि मार्गाच्या टोकाच्या थांब्यावर पंधरा मिनिटांहून कमी काळाची नुसती उपस्थिती यांचा तीत स्पष्ट उल्लेख होता. पंधरा मिनिटांहून अधिक लांबलेल्या उपस्थितीचे काय, हे व्याख्या स्पष्ट करत नव्हती, आणि गोदामाच्या फाटकावर पंधरा मिनिटांत सुटका झालेली गाडी विरळाच. लांब पल्ल्यावर ही संदिग्धता तितकी बोचत नाही, कारण तेथे थांबणे हा फेरीचा लहान भाग असतो. स्थानिक वाहतुकीत तोच दिवसाचा मोठा भाग असल्याने या एका शब्दरचनेवर चालकाचे निम्मे वेतन टांगलेले राहते. किमान वेतनाच्या कायद्यात यावर तोड फार पूर्वी सुचवलेली आहे : १९४८ च्या कायद्यात ‘हमी कालदर’ ही कल्पना होती, म्हणजे नगावर काम करणाऱ्यासही घालवलेल्या वेळेच्या हिशोबाने ठरावीक किमान रक्कम मिळालीच पाहिजे असे तत्त्व होते, आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही नगावर काम करणाऱ्यांसाठी वेळेवर आधारित किमान दराची सोय ठेवली आहे. फेरीवर किंवा ठिकाणांवर पैसे मिळवणारा चालक या अर्थाने नगावर काम करणाराच होय.

आता अलीकडच्या सुधारणा कोठे संपतात ते पाहावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकमध्ये चालकाची केबिन वातानुकूलित असणे केंद्राने सक्तीचे केले; ही सक्ती ‘एन-२’ व ‘एन-३’ या वर्गांना, म्हणजे ३.५ टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांना आहे, त्यामुळे मे महिन्यात शहरातील कोंडीत इंजिनाच्या धगीवर बसून राहणारा छोट्या टेम्पोचा चालक तीतून वगळला गेला. राष्ट्रीय महामार्गांवरील पेट्रोल पंपांवर ट्रकचालकांसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रांतीगृहे उभी राहत आहेत. गोदामांच्या पट्ट्यात, जेथे शेकडो गाड्या एकाच वेळी ताटकळतात, तेथे मात्र चालकास वापरता येईल असे स्वच्छतागृह शोधावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार ३,००० किलोंपर्यंतच्या मालवाहू वाहनास परमिट लागत नाही, आणि ही सवलत लहान व्यावसायिकाच्या सोयीची असली तरी परमिटच्या अटींतून चालकाच्या हिताची काही कलमे घालण्याचा मार्गही तिच्यामुळे या वाहनांपुरता बंद होतो.

सर्वांत मोठी गळती आस्थापनेच्या आकारामुळे होते. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायास लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने त्याची जागा घेतली असून तीत मोटार वाहतूक व्यवसायासाठी ही किमान संख्या दहा आहे. कामगार राज्य विम्याची सर्वसाधारण मर्यादाही दहाच आहे. दोन-चार गाड्यांचे मालक हाच या व्यवसायाचा कणा असल्यामुळे आठ तासांचा दिवस संहितेत कायम राहूनही स्थानिक चालकांचा मोठा समूह तिच्या बाहेर राहतो. त्यातच अनेक चालक हप्त्यावर स्वतःची गाडी घेतात. असा मालक-चालक कोणाचाच कामगार नसतो. गाडीचा हप्ता, विमा, दुरुस्ती आणि दंड त्याच्या अंगावर, आणि भाडे मात्र मोबाईल ॲपवर दुसऱ्याने ठरवलेले. सामाजिक सुरक्षा संहितेने ‘ॲग्रिगेटर’, म्हणजे ग्राहक आणि सेवा देणारा यांना ॲपद्वारे जोडणारी कंपनी, ही संज्ञा आणून अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यावी अशी तरतूद केली आणि तीत मालवाहतूक सेवाही धरल्या, हे योग्य पाऊल आहे. परंतु ॲपविना, ट्रान्सपोर्ट कार्यालयाच्या फोनवर आणि नाक्यावरच्या ओळखीवर चालणाऱ्या कामाला ती तरतूद लागू होत नाही.

स्थानिक काम म्हणजे घरचे काम, हा समजही तपासून घ्यायला हवा. ज्याचे घर ठाण्यात किंवा पुण्यात आहे त्याच्या बाबतीत तो खरा आहे. परंतु महाराष्ट्रातील मालवाहतूक ज्यांच्या हातांवर चालते त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून आलेले आणि राज्याच्याच दुष्काळी तालुक्यांतून आलेले चालक मोठ्या प्रमाणावर आहेत. उत्तरेच्या फेरीवर गावाच्या जवळून जाणाऱ्या चालकाला वाटेत एक रात्र तरी घरी थांबता येत असे. भिवंडीच्या चाळीत सहा जणांच्या खोलीत राहून रोज कुर्ला-उल्हासनगर करणाऱ्या त्याच चालकाला घर वर्षातून एकदाच दिसते. त्याला शिधापत्रिका, मुलांची शाळा, भाड्याची परवडणारी खोली आणि आरोग्य केंद्र शहरात मिळाले, तरच हा बदल त्याच्या कुटुंबाच्या पदरात काही टाकतो.

येथे माथाडी कायद्याचा संदर्भ येतो. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ हा अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळीतून आलेला कायदा. आज एका व्यापाऱ्याकडे तर उद्या दुसऱ्याकडे ओझे उचलणाऱ्या, म्हणून कोणाही एकाचा नोकर नसलेल्या माणसाला संरक्षण कसे द्यायचे, हा त्यापुढचा प्रश्न होता. त्याने दिलेले उत्तर असे की कामगार आणि मालक दोघांनीही कामगार, मालक व शासन यांच्या प्रतिनिधींच्या त्रिपक्षीय मंडळाकडे नोंदणी करावी, मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के ‘लेव्ही’ मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने त्यातून मजुरीसह भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, सुटीचे वेतन व वैद्यकीय मदत यांची सोय करावी. मालक अनेक असले तरी मंडळ एकच, ही या रचनेतील मूळ कल्पना होय. सुरक्षारक्षकांसाठी राज्याने १९८१ मध्ये याच धर्तीचा कायदा केला आणि अलीकडे ऑटोरिक्षा व मीटर-टॅक्सी चालकांसाठीही कल्याणकारी मंडळ स्थापन केले. वाशीच्या बाजार समितीत गोणी पाठीवर घेणारा माथाडी, फाटकावर उभा असलेला रखवालदार आणि बाजारातून घरी नेणारा रिक्षावाला यांच्यासाठी राज्याने मंडळ केले; ती गोणी गाडीतून आणणारा चालक तेवढा या रांगेत नाही.

या उपायावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. माथाडीच्या नावाखाली न केलेल्या कामाचे पैसे मागितले जातात, टोळ्या कारखान्यांच्या फाटकांवर दबाव आणतात, अशा तक्रारी औद्योगिक पट्ट्यांतून वर्षानुवर्षे होत आहेत आणि खऱ्या माथाडींच्या संघटनांनीही ‘बोगस माथाडी’ हा प्रश्न मान्य केलेला आहे. परंतु चालकाच्या बाबतीत या गैरप्रकाराची शक्यता मुळातच कमी आहे, कारण प्रत्येक फेरीमागे वाहन क्रमांक, परवाना क्रमांक आणि बिल्टी असते, मोठ्या किमतीच्या मालासोबत ई-वे बिलही असते, आणि लेव्ही माणसामागे न आकारता भाड्याच्या बिलावर आकारली तर काम न करता वसुली करण्यास वाव राहत नाही. दुसरा आक्षेप भाडे वाढण्याचा. भाडे थोडे वाढेल, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण आज तो खर्च नाहीसा झालेला नाही, तो चालकाच्या बिनपगारी ताटकळण्यात, त्याच्या औषधोपचारात आणि थकलेल्या चालकाच्या गाडीखाली येणाऱ्या पादचाऱ्याच्या व दुचाकीस्वाराच्या वाट्याला आलेला आहे.

या विवेचनाच्या आधारे शासनाकडे पुढील मागण्या आहेत. पहिली, माथाडी कायद्याच्या धर्तीवर मालवाहतूक चालकांसाठी त्रिपक्षीय मंडळ स्थापन करावे, त्यात पगारी चालक आणि मालक-चालक या दोघांनाही नोंदणीचा हक्क असावा, आणि प्रारंभ भिवंडी, उरण–कळंबोली व चाकण या तीन पट्ट्यांतून करावा. दुसरी, खासगी मोटार वाहतुकीबाबत नियम करण्याचा अधिकार राज्याकडे असल्याने, गोदाम, बंदर किंवा कारखान्याच्या फाटकावर चालकाने घालवलेला सर्व वेळ कामाचा वेळ समजावा असे कामगार विभागाने नियमांत स्पष्ट लिहावे आणि फेरीवरील वेतनास हमी कालदर जोडावा. तिसरी, ठरावीक क्षेत्रफळाहून मोठ्या गोदामास मंजुरी देताना आवारातच वाहनतळ, चालकांसाठी स्वच्छतागृह, पाणी व सावलीची जागा असणे ही अट घालावी आणि गाडी आत येण्याची व बाहेर पडण्याची वेळ नोंदवून त्या नोंदीची प्रत चालकास द्यावी, म्हणजे ताटकळल्याचा पुरावा त्याच्या हाती राहील.

चौथी मागणी परिवहन विभागापुरती आहे. अवजड परवान्याचे नूतनीकरण करताना चालकास बंदरातील ट्रेलर, टँकर व मिक्सर या कामांची माहिती आणि त्यासाठी लागणारे अल्प मुदतीचे प्रशिक्षण मिळावे, व शहरातील अरुंद रस्ते, आरशाच्या टप्प्यात न येणाऱ्या जागा आणि पादचारी यांविषयीचे उजळणी-वर्ग भोसरीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टसारख्या संस्थांच्या मदतीने घ्यावेत. महामार्गावर निष्णात असलेला चालक गल्लीतही तितकाच सुरक्षित असेल असे गृहीत धरता येत नाही. पाचवी, शहरांतील प्रवेशबंदीच्या वेळा ठरवताना माल उतरवण्यासाठी राखीव जागा आखून द्याव्यात, कारण शहराला रोज माल हवा असतो आणि तो उतरवणाऱ्याला उभे राहायला जागाच नसेल, तर ई-चलान हा दंड न राहता धंद्यावरचा रोजचा कर होऊन बसतो.

जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाच्या शिक्षेविषयीच्या नव्या तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या थांबवल्या, तेव्हा दोन दिवसांत राज्यातील पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ती तरतूद अमलात आणणे केंद्राला पुढे ढकलावे लागले. चालकांचे ऐकून घेण्यासाठी पुन्हा तशी वेळ यावी लागू नये. वर मागितलेल्या गोष्टींपैकी एकही राज्याच्या अधिकाराबाहेरची नाही आणि मंडळाचा कायदा तर महाराष्ट्राने अर्धशतकापूर्वी स्वतःच करून दाखवलेला आहे. तरी दोन्ही विभागांनी एकत्रित समिती नेमून, तीत चालकांच्या संघटनांना मालकांइतकेच स्थान देऊन, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी या मंडळाचा मसुदा विधिमंडळापुढे ठेवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
मालवाहतुकीतील श्रमाचा एक अभ्यासक